शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तकं घरी जाऊ लागण्यासाठी काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेत सुमारे ३,००० पुस्तकं आहेत. ४० मुलांच्या प्रत्येक वर्गाला आठवड्यातून ४० मिनिटांची एक ग्रंथालय तासिका मिळते. ती नोंदी करण्यातच संपते, मुलं तीच ती पुस्तकं चाळतात, बरीच जण घरी काहीच नेत नाहीत, आणि हरवण्या-फाटण्याच्या धास्तीने निम्मी कपाटं कुलपात असतात. वाचन वाढावं म्हणून कोणता उपक्रम घ्यावा?

उपक्रमाचं नंतर बघू. इथे अडलंय ते देवघेवीत. पुस्तक सहज हातात येत नसेल आणि सहज घरी जात नसेल, तर वाचन दिन, स्पर्धा, भित्तिपत्रकं यांचा परिणाम चार दिवसांपलीकडे टिकत नाही. म्हणून आधी हिशेब मांडा. ४० मुलं पुस्तक परत करणार आणि ४० मुलं नवं घेणार, म्हणजे ८० नोंदी. वहीत नाव, इयत्ता, दाखल क्रमांक (पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीला दिलेला स्वतंत्र क्रमांक), शीर्षक, तारीख लिहायला एका नोंदीला २० सेकंद धरले तरी जवळजवळ सत्तावीस मिनिटं गेली. ३० सेकंद लागले तर पूर्ण तासिका. यात दोष मुलांचा नाही, तुमचाही नाही. दोष वहीचा आहे.

वही बंद करून कार्डपद्धत सुरू करा. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून कागदी खिसा, त्यात साधारण १२.५ × ७.५ सेंमीचं पुस्तक कार्ड, आणि समोरच्या कोऱ्या पानावर तारीखपट्टी. कार्डावर वर दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक. खाली तारीख आणि वाचक क्रमांक असे दोनच रकाने. मूल रांगेत उभं असतानाच कार्डावर आपला वाचक क्रमांक लिहितं. टेबलापाशी फक्त कार्ड काढून घ्यायचं, कार्डावर आणि पट्टीवर परतीच्या तारखेचा शिक्का मारायचा आणि कार्ड त्या वर्गाच्या ट्रेमध्ये टाकायचं. दोन टेबलं मांडली तर प्रत्येकी २० मुलं, एकाला १५ सेकंद, म्हणजे पाच मिनिटांत वर्ग मोकळा. कार्डावर नाव लिहायला सांगू नका, क्रमांकच लिहायला सांगा. आधी हे पुस्तक कोणी नेलं होतं ते पुढच्या मुलाला कळायची गरज नाही. वयात येणं, आजारपण, घरातला मृत्यू अशा विषयांवरची पुस्तकं नेताना मुलांना हा आडोसा हवा असतो.

परतीची पुस्तकं तासिकेत घेऊच नका. तासिकेच्या दिवशी सकाळी वर्गात एक पेटी फिरवा आणि ती आधीच्या सुट्टीत ग्रंथालयात आणा. मदतनीस मुलं ट्रेमधलं कार्ड शोधून पुस्तकाच्या खिशात परत घालतात. ट्रेमधली कार्डं दाखल क्रमांकाच्या क्रमाने लावलेली असली की हे काम पटकन उरकतं. पेटी रिकामी झाल्यावर ट्रेमध्ये जी कार्डं उरली तीच न आलेली पुस्तकं. त्यांतली कार्डावरची तारीख उलटलेली तीच थकबाकी, तिची वेगळी यादी करावी लागत नाही. मुदत दोन आठवड्यांची ठेवा, पण बदलून घ्यायची मुभा दर तासिकेला द्या. जाड पुस्तक घेणाऱ्याला वेळ मिळतो आणि पातळ पुस्तक दोन दिवसांत संपवणारा अडकत नाही.

संगणक असेल तर कोहासारखी मोफत संगणकप्रणाली आहे. ती न्यूझीलंडमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झाली आणि आज जगभर चालते. पण तिची उभारणी, साठवलेल्या माहितीची राखीव प्रत ठेवणं, बिघडल्यावर दुरुस्त करणं हे करणारी व्यक्ती हाताशी हवी. ३,००० पुस्तकांना साधी तक्तावही (स्प्रेडशीट) आणि कार्डं पुरतात. बारकोड लावणार असाल तर दाखल क्रमांकच बारकोडमध्ये घाला आणि पट्टी मागच्या मुखपृष्ठाच्या वरच्या कोपऱ्यात बाहेरून चिकटवा. आतल्या पानावर लावली तर प्रत्येक वेळी पुस्तक उघडावं लागतं आणि वाचवलेले सेकंद परत जातात.

दाखल नोंदवही मात्र ठेवावीच लागेल, कारण ती मालमत्तेची नोंद आहे. प्रत्येक प्रतीला स्वतंत्र क्रमांक द्या. एकाच शीर्षकाच्या पाच प्रती असतील तर पाच क्रमांक. पुस्तक बाद झालं तरी तो क्रमांक पुन्हा वापरायचा नाही, शेऱ्याच्या रकान्यात बाद केल्याची तारीख आणि कारण लिहायचं. शाळेचा शिक्का शीर्षकपानाच्या मागे आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर मारा. चित्रावर कधीही मारू नका.

आता कुलपाविषयी. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. पहिलं सूत्र पुस्तकं उपयोगासाठी असतात हे आहे आणि चौथं वाचकाचा वेळ वाचवा हे. बंद कपाट या दोन्हींना आड येतं. काचेमागचं पुस्तक मागायला धीट मूल लागतं, आणि ज्यांना पुस्तकाची ओढ अजून लागलेली नाही ती मुलं मागत नाहीत. कपाटांची दारं काढता आली तर काढा. नाही तर शाळेच्या वेळात उघडी ठेवा. दुर्मीळ किंवा फार महाग अशी थोडी पुस्तकं कुलपात राहिली तरी चालेल, बाकीची नकोत.

काही पुस्तकं हरवतील. ती धरूनच वर्षाची खरेदी ठरवा. पुस्तक हरवलं तर तेच किंवा तितक्याच उपयोगाचं दुसरं द्यावं. घरची ऐपत नसेल तर मुलाने काही दिवस ग्रंथालयात पुस्तकं लावायला मदत करावी. पण हरवलेलं मिळेपर्यंत नवं पुस्तक नाही, हा नियम करू नका. ज्या घरी पुस्तक सांभाळायला जागा नाही, धाकटी भावंडं आहेत, त्याच घरातल्या मुलाचं वाचन या नियमाने कायमचं तुटतं. अशा मुलाला एका वेळी एकच, पातळ पुस्तक द्या आणि सोबत कापडी पिशवी द्या. उशिराचा दंड मी घेऊच नये असं म्हणेन. दंडाच्या भीतीने मूल पुस्तक लपवतं, आणि मग पुस्तकही जातं आणि मूलही येईनासं होतं.

मांडणीत उंची सगळ्यात महत्त्वाची. पहिली ते चौथीच्या मुलांसाठी सगळ्यात वरची फळी १२० सेंमीच्या वर नको, मोठ्या मुलांसाठी १५० सेंमीच्या वर नको. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून किमान १५ सेंमी वर आणि मांडणी (पुस्तकांचा रॅक) भिंतीपासून ८–१० सेंमी पुढे ठेवा. असं केलं की ओल आणि वाळवी लगेच दिसते. ९० सेंमीच्या फळीवर मध्यम जाडीची २५–३० पुस्तकं बसतात. फळी तीन चतुर्थांशच भरा. गच्च भरलेल्या फळीतून पुस्तक ओढताना मूल कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून खेचतं आणि कणा तिथेच फाटतो. पातळ चित्रपुस्तकांना कणाच दिसत नाही, त्यामुळे ती उभी रचून ठेवली की नाहीशीच होतात. ती उथळ पेटीत, मुखपृष्ठ समोर येईल अशी ठेवा. प्रत्येक मांडणीवर तीन-चार पुस्तकं दर्शनी लावा आणि आठवड्याला बदला. दर्शनी लावलेलं पुस्तक जास्त उचललं जातं हे महिन्याभरात कार्डांवरूनच दिसेल. याच कारणासाठी पुस्तकांना खाकी कागदाची वेष्टनं घालू नका. मुलं मुखपृष्ठ बघून पुस्तक निवडतात. संरक्षण हवं तर पारदर्शक पॉलिप्रॉपिलीनचं सैल वेष्टन घाला.

वर्गीकरणासाठी प्रत्येक विषयाला ठरलेला क्रमांक देणारी ड्युईची दशांश पद्धत (१८७६) चांगली, पण शाळेत तीन अंकांपुढे जायची गरज सहसा पडत नाही. ५२० खगोल, ५९० प्राणी, ७९६ खेळ एवढं मुलं लवकर लक्षात ठेवतात. तिची एक अडचण नक्की येते: लोककथा ३९८.२ मध्ये, म्हणजे सामाजिक शास्त्रांच्या वर्गात पडतात, आणि मुलं त्या गोष्टींच्या पुस्तकांत शोधतात. लोककथांची फळी खुशाल गोष्टींशेजारी आणा, लेबलावरचा क्रमांक तसाच राहू द्या. कथा-कादंबऱ्या लेखकाच्या आडनावाने लावा. क्ष आणि ज्ञ वर्णमालेच्या शेवटी ठेवायचे की क आणि ज खाली, हे एकदाच ठरवून फळीवर लिहून ठेवा, नाही तर मदतनीस मुलं दोन्हीकडे लावत राहतील.

आता मोकळ्या झालेल्या चाळीस मिनिटांचं काय करायचं? पहिली दहा मिनिटं मोठ्याने वाचून दाखवा किंवा चार-पाच पुस्तकांची प्रत्येकी एक-दोन मिनिटांत ओळख करून द्या. पुढची दहा मिनिटं निवड आणि देवघेव. त्यानंतर अठरा मिनिटं, जे घेतलंय ते तिथेच बसून वाचायचं. उरलेली दोन मिनिटं ज्यांना पुस्तक पटलं नाही त्यांना बदलून देण्यासाठी. हा क्रम मुद्दाम असा आहे. बहुतेक ठिकाणी देवघेव शेवटी होते, मग घंटेच्या घाईत हाताला लागेल ते पुस्तक दप्तरात जातं आणि न उघडता परत येतं. देवघेव आधी झाली की पहिली पंधरा-वीस पानं ग्रंथालयातच वाचून होतात, आणि गोष्टीत पाय रुतला की उरलेलं पुस्तक घरी वाचलं जातं. या अठरा मिनिटांत ग्रंथपालाने नोंदी करत बसू नये. मुलांमध्ये बसावं, कोण पानं नुसती उलटतंय ते बघावं. वर्गशिक्षक सोबत असतील तर त्यांनीही पुस्तक वाचावं, वह्या तपासू नयेत.

मोठ्याने वाचण्याआधी ते पान एकदा स्वतः मोठ्याने वाचून घ्या. जोडाक्षरांची वाक्यं आणि संवाद कुठे अडखळतात ते तेव्हाच कळतं. चित्रपुस्तक बाजूला धरून, चित्र मुलांकडे ठेवून वाचायचं; वाचून झाल्यावर फिरवून दाखवायचं नाही. कादंबरी असेल तर प्रसंग संपतो तिथे थांबू नका, त्याच्या जरा आधी थांबा. वाचलेल्या पुस्तकाची मागणी लगेच येते आणि प्रत एकच असते, म्हणून त्याच चवीची पाच-सहा पुस्तकं आधीच काढून टेबलावर ठेवा आणि मूळ पुस्तकासाठी नोंदणीची चिठ्ठी घ्या. चिठ्ठीप्रमाणे पुस्तक आलं की त्या मुलाला वर्गात निरोप पाठवा. आपल्यासाठी पुस्तक राखून ठेवलंय हे कळल्यावर मुलाचा चेहरा कसा खुलतो ते एकदा बघाच.

पुस्तक झेपेल का हे ठरवायला लहान मुलांना पाच बोटांची कसोटी शिकवा. मधलं कोणतंही पान उघडायचं, अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर एकट्याने वाचायला ते जड आहे. पण ही कसोटी मुलाची आहे, आपली नाही. अंतराळाचं वेड लागलेली तिसरीतली मुलगी सातवीचं पुस्तक नेत असेल तर नेऊ द्या, ती चित्रं आणि मथळे वाचेल आणि बरंच शिकेल. वाचनपातळीचे रंगीत ठिपके कण्यावर लावू नका. लाल ठिपका म्हणजे सोपं, हे वर्गाला दोन दिवसांत कळतं, आणि ज्याला सोप्या पुस्तकाची गरज आहे तोच ते उचलायचं टाळतो. खूण हवीच असेल तर मागच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीने करा.

सगळ्यात जास्त कष्ट मोठ्या वर्गातल्या, नीट वाचता न येणाऱ्या मुलांसाठी घ्यावे लागतात. चौदा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलाचं चित्रपुस्तक दिलं तर त्याचा अपमान होतो. त्याला वाक्यं छोटी, अक्षर १४ पॉइंटच्या आसपास, पानावर मोकळी जागा, पण विषय त्याच्या वयाचा असं पुस्तक लागतं: यंत्रं, खेळाडू, साहस, भीतीच्या गोष्टी, छायाचित्रांची माहितीपुस्तकं, चित्रकथा. चित्रकथांना कमी लेखू नका. त्यात चित्र आणि संवाद मिळून अर्थ लागतो, आणि तसा अर्थ लावणं हे वाचनच आहे. अशा मुलाला ‘वाचायला आवडतं का’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ हेच येतं. त्यापेक्षा सुट्टीत काय करतो, कशाचं वेड आहे ते विचारा. मग तीन पुस्तकं समोर ठेवा आणि तिथून बाजूला व्हा. तीनांतून त्याने स्वतः निवडलेलं टिकतं, हातात कोंबलेलं टिकत नाही. मूल सतत ओळ गाळत असेल, त्याच ओळीवर परत येत असेल तर ओळीखाली धरायला पुठ्ठ्याची पट्टी द्या. पान डोळ्यांच्या फार जवळ नेत असेल किंवा डोकं दुखतं म्हणत असेल तर पालकांना डोळे तपासायला सांगा. चष्म्याची गरज ही आळस समजली जाते, असं फार वेळा होतं.

तेच पुस्तक पाचव्यांदा नेणाऱ्या मुलाला अडवू नका. पुन्हा वाचताना वेग आणि अर्थ दोन्ही पक्के होतात. आणि वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाचा सारांश लिहून घ्यायचा असेल, तर तो मराठीच्या तासाला घ्या, ग्रंथालयात नको. सारांश द्यावा लागणार म्हटल्यावर मुलं पातळ पुस्तकं शोधतात आणि मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून आणतात. फार तर पुस्तकात एक कोरी चिठ्ठी ठेवा, ज्याला वाटेल त्याने पुढच्या वाचकासाठी एक ओळ लिहावी. सर्वाधिक पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस हाही असाच प्रकार. त्याने पुस्तकांचा आकडा वाढतो, वाचन वाढतंच असं नाही.

तीच ती पुस्तकं चाळली जातात, याचं कारण बहुतेकदा असं असतं की उरलेली पुस्तकं वाचण्याजोगी राहिलेलीच नसतात. इफ्ला (ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना) आणि युनेस्को यांच्या २००२ च्या शालेय ग्रंथालय मार्गदर्शिकेत दर विद्यार्थ्यामागे दहा पुस्तकं आणि लहानातल्या लहान शाळेतही पुस्तकं आणि इतर साहित्य मिळून किमान २,५०० नग असावेत असं म्हटलं आहे. व्यवस्थापनापुढे मागणी ठेवताना हा आकडा उपयोगी पडतो. पण तो गाठण्यासाठी मेलेली पुस्तकं फळीवर ठेवू नका. कसोटी सोपी आहे. ग्रह नऊ आहेत असं सांगणारं खगोलाचं पुस्तक २००६ आधीचं. त्या वर्षी प्लूटोला बटुग्रह ठरवलं गेलं. दक्षिण सुदान नसलेला नकाशासंग्रह २०११ आधीचा. वैद्यकीय आणि संगणकाची पुस्तकं तर पाच वर्षांतच जुनी होतात. चुकीची माहिती, पिवळी पडून मोडणारी पानं, तीन वर्षांत एकदाही न हललेलं कार्ड, यातलं काही आढळलं तर पुस्तक बाजूला काढा. न हललेलं पण चांगलं पुस्तक आधी दोन महिने दर्शनी लावून बघा, मगच निर्णय घ्या. निर्लेखनासाठी (पुस्तक नोंदीतून बाद करण्यासाठी) यादी, समितीची सही आणि मुख्याध्यापकांची मंजुरी घेतल्याशिवाय काहीही बाहेर काढू नका. स्थानिक इतिहास, शाळेची जुनी वार्षिकं यांना हा नियम लावू नका, ती जपायची असतात. नव्या खरेदीत ज्या पुस्तकासाठी रांग लागते त्याच्या तीन-चार प्रती घ्या. एकेकच प्रत घेऊन शीर्षकांची संख्या वाढवण्यापेक्षा हे जास्त कामाचं आहे, कारण चार जण एकाच वेळी वाचत असले की त्या पुस्तकाची चर्चा सुरू होते.

दुरुस्ती आठवड्याला तासभर केली तर साचत नाही. पारदर्शक चिकटपट्टी पानाला लावू नका. तिचा चिकट द्रव काही वर्षांत कागदात मुरून पिवळा डाग पाडतो आणि पट्टी गळून पडते. फाटलेल्या पानाला पातळ टिशू कागद आणि मिथिल सेल्युलोजची खळ वापरा. पिठाची खळ कसरीचं खाद्य आहे. पुठ्ठा आणि पानांमधला सांधा सैल झाला असेल तर विणकामाच्या सुईला पांढरा पीव्हीए गोंद लावून ती सांध्याच्या पोकळीत वरून आणि खालून फिरवा, मेणकागद घाला आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. गोंद जास्त झाला तर पानं चिकटतात, म्हणून सुईवरून थेंब ओघळू देऊ नका. नवं पुस्तक देण्याआधी टेबलावर उभं धरून पुढून थोडी आणि मागून थोडी अशी पानं आलटून पालटून दाबत मध्यापर्यंत या, म्हणजे कणा तडकत नाही.

डांबरगोळ्या वापरू नका. त्यातलं नॅफ्थलीन लहान मुलांना घातक आहे आणि उघड्या मांडणीवर त्याचा किड्यांवर फारसा परिणाम होत नाही. कीड लागलेली थोडी पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांना आठवडाभर ठेवावीत. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नये, नाही तर गार पुस्तकावर पाणी धरतं. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढते, तेव्हा खिडक्या आणि पंखे हाच खरा उपाय. पाण्यात भिजलेली पुस्तकं ४८ तासांच्या आत वाळवायला घ्या. गुळगुळीत कागदाची आधी, कारण त्यांची पानं वाळताना एकमेकांना चिकटून ठोकळा होतो आणि मग काहीच करता येत नाही.

मोजायचं काय? एकूण देवघेवीचा आकडा अहवालासाठी ठेवा. स्वतःसाठी मात्र दर महिन्याला एकच यादी काढा: या महिन्यात एकही पुस्तक न नेलेली मुलं. ४० जणांच्या वर्गात ती सहा-सात निघतील. पुढच्या महिन्यात आधी त्यांच्याकडे जायचं. काहींना घरी पुस्तक आणायची मनाई असेल, काहींना वाचता येत नसेल, काहींना कोणीच विचारलं नसेल. प्रत्येकाचा उपाय वेगळा.

वार्षिक पडताळणीसाठी शेवटचा महिनाभर ग्रंथालय बंद ठेवण्याची पद्धत सोडा. वर्षभर दर आठवड्याला दोन मांडण्या तपासल्या तर ३,००० पुस्तकांची पडताळणी देवघेव न थांबवता होते. फळीवरची पुस्तकं दाखल नोंदवहीशी पडताळा, जी नाहीत ती ट्रेमधल्या कार्डांत शोधा, दोन्हीकडे नसतील ती हरवलेल्यांच्या यादीत टाका. त्यातली काही पुढच्या तीन महिन्यांत चुकीच्या फळीवर सापडतातच. म्हणजे मोठ्या सुट्टीपूर्वी सगळी पुस्तकं परत मागवायची गरज उरत नाही. उलट त्याच आठवड्यात प्रत्येकाला चार-पाच पुस्तकं द्या, परतीची तारीख शाळा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तासिकेची टाका. शाळा सोडून जाणाऱ्या शेवटच्या इयत्तेकडून तेवढी दाखला देण्यापूर्वी जमा करून घ्या.